सतराव्या शतकातील इंग्रजी बातमीपत्रे मराठीत आणताना: कामाच्या नोंदी

काम थोडक्यात असे होते: १६२० ते १६६६ या काळातील छापील इंग्रजी बातमीपत्रांतून चाळीस उतारे निवडायचे, ते मराठीत उतरवायचे आणि बातमीसाठी, तसेच बातमीच्या खरेखोटेपणासाठी त्यांत जे शब्द येतात त्यांची मराठी प्रतिशब्दांसह सूची करायची. वाचक म्हणून डोळ्यांसमोर इंग्रजी साहित्य आणि पत्रकारिता शिकणारे मराठी विद्यार्थी होते. अन्य कोणी असे काम हाती घेतले तर त्यांचा वेळ माझ्याइतका वाया जाऊ नये, म्हणून या नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवत आहे.

३ जून

काळाची हद्द आज पक्की केली. सुरुवात २ डिसेंबर १६२० या तारखेच्या एका पत्रकापासून करायची. इंग्रजी भाषेतील छापील बातमीपत्रांपैकी टिकून राहिलेले सर्वांत जुने पत्रक हेच होय, आणि ते इंग्लंडमध्ये छापलेले नाही. ॲमस्टरडॅममध्ये नकाशे कोरण्याचा व्यवसाय करणाऱ्या पीटर व्हॅन डेन केरे याने ते काढले. शेवट १६६६ च्या फेब्रुवारीत करायचा. कारण प्लेगमुळे राजदरबार ऑक्सफर्डला गेला असताना नोव्हेंबर १६६५ मध्ये निघालेले 'ऑक्सफर्ड गॅझेट' त्या महिन्यात 'लंडन गॅझेट' झाले आणि तेथून बातमीचा साचा बराचसा स्थिरावला.

आजचा खर्च: बाहेरून जोडायची हार्ड डिस्क ४,२०० रुपये, आणि निवडक पानांच्या मोठ्या आकारातील छापील प्रती ६८० रुपये. पडद्यावर पाहून ही अक्षरे लावता येतील असे वाटले होते. पहिल्या तासातच डोळे दुखू लागले, म्हणून छापील प्रती काढल्या. हा खर्च टाळू नये.

७ जून

फायलींना शीर्षकावरून नावे देण्याची चूक केली आणि आज ती निस्तरली. लंडनचे नॅथॅनिएल बटर, निकोलस बोर्न आणि त्यांचे सहकारी १६२२ पासून जी बातमीपत्रे काढत होते त्यांना आजच्यासारखे ठरलेले नाव नव्हते. एका आठवड्याला 'रिलेशन', पुढच्या आठवड्याला 'कंटिन्युएशन', कधी 'वीकली न्यूज', आणि त्यापुढे त्या अंकात काय आहे त्याची दहा-बारा ओळींची जंत्री. शीर्षकाचे पान म्हणजेच त्या काळची जाहिरात. ते पुस्तकविक्यांच्या दुकानांत दर्शनी लावले जाई. परिणामी एकाच मालिकेचे अंक माझ्या यादीत सहा ठिकाणी विखुरले गेले आणि तीन अंक दोनदा उतरवले गेले.

आता प्रत्येक फाइलचे नाव वर्ष, महिना, दिवस, छापण्याचे गाव आणि अंकाचा क्रमांक असे ठेवले आहे. पाच तास गेले.

१२ जून

अक्षरओळख करणाऱ्या प्रणालीवर पानांच्या प्रतिमा चढवल्या आणि जे हाती आले ते पाहून सुरुवातीला आनंदच झाला, कारण शब्द बहुतांशी ओळखीचे दिसत होते. तो आनंद फसवा होता. त्या काळच्या छपाईत 'एस' हे अक्षर शब्दाच्या आरंभी आणि मध्ये लांब काढलेले असे. ते 'एफ'सारखेच दिसते, फरक इतकाच की त्याची आडवी रेघ उभ्या दांड्याच्या डावीकडेच थांबते. शाई जरा पसरली, कागद जरा खरखरीत असला की तेवढाही फरक उरत नाही. प्रणालीने असे सगळे 'एस' सरळ 'एफ' म्हणून वाचले.

निरर्थक शब्द तयार झाले असते तर ते तपासणीत सहज सापडले असते. अडचण अशी की, युद्धाच्या बातम्यांत या एका अक्षराने खरे शब्द तयार होतात. 'साइट' म्हणजे नजर. तिचे 'फाइट' म्हणजे लढाई होते. 'सॉट' म्हणजे शोधले; त्याचे 'फॉट' म्हणजे लढले होते. 'स्लू' म्हणजे ठार केले. त्याचे 'फ्लू' होऊन सैनिक उडून जातात. ज्या गावाच्या नजरेच्या टप्प्यात सैन्य येऊन थांबले होते, त्या गावाशी माझ्या उताऱ्यात लढाई जुंपली. मी हा उतारा मराठीत करूनही ठेवला होता. मूळ प्रतिमेकडे सहज नजर गेली म्हणून चूक कळली. नाहीतर न झालेली लढाई मराठीत छापली गेली असती.

निर्णय: युद्ध, शोध, मरण आणि पळ यांविषयीचा प्रत्येक शब्द मूळ प्रतिमेशी ताडून पाहायचा.

१५ जून

आणखी दोन गोष्टी निघाल्या. पहिली म्हणजे पानाच्या तळाशी उजवीकडे पुढच्या पानाचा पहिला शब्द आधीच छापलेला असे, जेणेकरून पाने जुळवणाऱ्याची चूक होऊ नये. प्रणालीने तो शब्द प्रत्येक वेळी दोनदा धरला, त्यामुळे शब्दांची मोजणी फुगली. दुसरी गोष्ट म्हणजे 'यू' आणि 'व्ही' यांची अदलाबदल: शब्दाच्या आरंभी 'व्ही' आणि मध्ये 'यू', मग उच्चार कोणताही असो. शिवाय एकाच पानावर एकच शब्द दोन-तीन प्रकारे लिहिलेला असतो. त्यात खिळे जुळवणाऱ्याची सवय असते आणि ओळ काठोकाठ भरावी म्हणून एखादे अक्षर वाढवण्याची वा गाळण्याची सोयही असते.

मराठी इतिहासाच्या साधनांत वावरलेल्या माणसाला हे नवे नाही. सुरत आणि राजापूरच्या इंग्रज वखारींच्या पत्रांत शिवाजी महाराजांचे नाव आजच्या वर्णांनी शोधले तर हाती काही लागत नाही; ते 'सेव्हागी' असे वाचता येईल अशा निरनिराळ्या वर्णांत लिहिलेले असते. तेव्हा शोधताना एक शब्द न शोधता त्याच्या सगळ्या लेखनरूपांची माळ शोधावी लागते.

वर्णलेखन आपोआप आधुनिक करणारी एक प्रणालीही वापरून पाहिली आणि चार दिवसांनी सोडली. 'ॲडव्हाइस' या शब्दाचा त्या काळी एक अर्थ 'दुरून आलेले वर्तमान' असा होता, आणि तो पुष्कळदा आजच्या क्रियापदाच्या वर्णांत, म्हणजे 'ॲडव्हाइझ' असा लिहिलेला आढळतो. प्रणालीने त्याला 'सल्ला देणे' हे क्रियापद समजून जागेवरच ठेवले, आणि माझ्या शब्दसूचीतून एक मुख्य शब्दच अर्धा गळाला.

यापुढे चाळीसच्या चाळीस उतारे हाताने टंकायचे. चाळीस उताऱ्यांना एवढाच उपाय योग्य आहे. चार हजार असते तर वेगळा विचार केला असता. आतापर्यंत वाया गेलेला वेळ सुमारे तीस तास.

२२ जून

तारखांनी पुरते तीन दिवस खाल्ले. इंग्लंडात जुने जूलियन पंचांग चालू होते, तर युरोपच्या बऱ्याच भागांत नवे ग्रेगोरियन; दोहोंत त्या शतकात दहा दिवसांचा फरक होता. हे माहीत असल्यामुळे मी सरसकट सगळ्या तारखांत दहा दिवस मिळवले. पण ॲमस्टरडॅम ज्या हॉलंड प्रांतात येते तेथे नवे पंचांग १५८३ पासूनच लागू होते. त्यामुळे २ डिसेंबरचे पत्रक माझ्या तक्त्यात १२ डिसेंबरला गेले. त्या पत्रकात जिची बातमी आहे ती प्रागजवळची व्हाइट माउंटनची लढाई नव्या पंचांगानुसार ८ नोव्हेंबर १६२० रोजी झाली. म्हणजे पत्रक निघाले तेव्हा तिला २४ दिवस झाले होते, आणि मी ते ३४ करून ठेवले होते. बातमी किती दिवसांत कुठे पोहोचली हाच ज्या कामाचा गाभा, त्यात अशी चूक घातक आहे.

दुसरा घोटाळा वर्षारंभाचा. इंग्लंडात १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. ऑक्सफर्डहून राजपक्षाने काढलेल्या 'मर्क्युरियस ऑलिकस'च्या पहिल्या अंकावर जानेवारी १६४२ असे वर्ष आहे. आपल्या हिशेबाने तो जानेवारी १६४३ होय. मी छापील वर्ष जसेच्या तसे घेतले, आणि राजाने पार्लमेंटविरुद्धच्या यादवी युद्धासाठी नॉटिंगहॅमला ऑगस्ट १६४२ मध्ये निशाण उभारण्याआधी सात महिने युद्धाच्या बातम्या देणारे पत्र माझ्या क्रमवारीत येऊन बसले.

येथे जॉर्ज थॉमसन या लंडनच्या पुस्तकविक्याचे ऋण मानले पाहिजे. १६४० ते १६६१ या वर्षांत त्याने सुमारे बावीस हजार पत्रके, पुस्तिका आणि बातमीपत्रे जमवली आणि त्यांतील पुष्कळांवर ती केव्हा हाती आली याची तारीख स्वतःच्या हाताने घातली. तो संग्रह आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. छापील तारखेविषयी शंका आली की त्याच्या शाईच्या तारखेकडे पाहावे. मी तो क्रम उलटा केला म्हणून तीन दिवस गेले.

आता तक्त्यात तीन रकाने आहेत: छापलेली तारीख, कोणते पंचांग, आणि आपली तारीख.

२९ जून

१६३२ नंतर पत्रेच सापडेनात. उतरवून घेतलेल्या फायली अर्धवट राहिल्या असतील असे समजून दोन दिवस त्या पुन्हा उतरवल्या. फायली पूर्णच होत्या. १७ ऑक्टोबर १६३२ रोजी परदेशी बातम्यांची अशी पत्रे छापण्यास मनाई झाली, आणि बटर व बोर्न यांना पुन्हा परवाना मिळाला तो १६३८ च्या डिसेंबरात. कामाला हात घालण्यापूर्वी एवढा इतिहास वाचला असता तर दोन दिवस वाचले असते.

६ जुलै

पहिल्या पत्रकावर आजवर आठ दिवस गेले आहेत, आणि ते सत्कारणी लागले असे मला वाटते.

पत्रकाचे पहिलेच वाक्य असे आहे: इटलीकडील नवी वर्तमाने अद्याप आलेली नाहीत. इंग्रजी छापील बातमीपत्राच्या हाती आलेल्या परंपरेचा आरंभ बातमी नसल्याच्या कबुलीने होतो, आणि मला या वाक्याविषयी मनापासून आदर आहे. छापणाऱ्याने जागा भरण्यासाठी काही रचले नाही. जे आले नाही ते आले नाही असे वर लिहून तो पुढे गेला.

पुढची नोंद 'वीनेन'हून आहे. मी ते सरळ 'व्हिएन्ना' केले. तसेच 'प्रेसबर्ग'चे आजचे ब्रातिस्लाव्हा. वाचकाला सोपे जावे हा हेतू होता, परंतु त्यामुळे फार मोठी खूण पुसली गेली. 'वीनेन' हे व्हिएन्नाचे डच नाव आहे. म्हणजे हा मजकूर डचमधून इंग्रजीत आलेला आहे, आणि ते कळल्यावर वाक्यांची रचनाही वेगळी दिसू लागते. क्रियापदे इंग्रजी माणूस जेथे ठेवणार नाही तेथे बसलेली दिसतात. मूळ नावे परत घातली आणि आजची नावे समासात दिली.

आता ज्या वाक्यासाठी हे सगळे काम करावेसे वाटले ते वाक्य. माझे पहिले मराठी रूप असे होते: 'प्रागजवळ राजा आणि बव्हेरियाचा ड्यूक यांच्यात मोठी लढाई झाली असून दोन्ही बाजूंचे हजारो सैनिक ठार झाले आहेत. ड्यूकचे सैन्य प्रागमध्ये शिरले किंवा नाही हे अद्याप स्पष्ट झालेले नाही.' वाचायला स्वच्छ आहे, आजच्या वर्तमानपत्रात शोभेल, आणि चूक आहे. मूळ वाक्यात ॲमस्टरडॅमचा छापणारा 'लढाई झाली' असे म्हणतच नाही. तो म्हणतो की, नुरेंबर्गची पत्रे असे सांगतात. आणि नुरेंबर्गची पत्रेही स्वतःच्या माहितीवर बोलत नाहीत, ती म्हणतात की बोहेमियाच्या सीमेवरून आम्हांला असे कळले. घटना आणि वाचक यांच्यामध्ये दोन गावे आहेत, आणि दोन्ही वाक्यात दिसतात. मी ती दोन्ही गावे काढून टाकली होती.

त्यात आणखी दोन शब्द आहेत. सैन्यासाठी मूळात 'फोक' आला आहे. डचमध्ये 'व्होल्क' म्हणजे लोकही आणि फौजही. मी 'सैनिक' लिहिले होते. पण मराठीच्या जुन्या पत्रव्यवहारात 'लोक' हा शब्द नेमक्या याच अर्थाने चालतो. 'इतके लोक घेऊन गेला', 'लोक पडले' असे लिहिणाऱ्याला फौजच अभिप्रेत असते. डच शब्दाला इंग्रजीपेक्षा मराठीत जवळचे घर मिळाले. दुसरा शब्द 'शुड'. ड्यूकचे लोक प्रागमध्ये 'शुड' असावेत, अशी रचना आहे. मी प्रथम त्याचा अर्थ 'असायला हवेत' असा लावला, आणि मग छापणारा ड्यूकच्या बाजूचा आहे की काय अशा नसत्या शंकेत एक संध्याकाळ घालवली. डच आणि जर्मनमध्ये या जातीचे सहायक क्रियापद ऐकीव गोष्ट सांगण्यासाठी वापरतात. त्याचा मराठी अर्थ एका शब्दात मिळतो: 'म्हणे'.

आजचे रूप: 'नुरेंबर्गहून या महिन्याच्या २० तारखेची पत्रे आली आहेत, त्यांत असे लिहिले आहे की, बोहेमियाच्या सीमेवरून तेथे वर्तमान आले की, प्रागपाशी राजा आणि बव्हेरियाचा ड्यूक यांची फार मोठी लढाई झाली व दोहींकडचे हजारो लोक पडले, परंतु ड्यूकचे लोक प्राग शहरात आहेत म्हणे, त्याची मात्र अद्याप निश्चिती नाही.'

निश्चिती का नाही तेही त्याने पुढे सांगितले आहे: वाटा सगळ्या रोखलेल्या होत्या. वास्तविक हा राजा, म्हणजे बोहेमियाचा फ्रेडरिक, लढाईच्या दुसऱ्याच दिवशी प्राग सोडून गेला होता आणि शहर शत्रूच्या हाती पडले होते. फ्रेडरिकची पत्नी एलिझाबेथ ही इंग्लंडच्या जेम्स राजाची मुलगी; तेव्हा हे पत्रक ज्यांच्यासाठी छापले त्या इंग्रज वाचकांना आपल्या राजकन्येचे काय झाले याची ओढ होती, आणि त्यांच्या हाती तीन आठवड्यांनंतरही 'निश्चिती नाही' एवढेच होते. त्याच डिसेंबरात जेम्सने राज्यकारभाराविषयी सैल बोलण्याविरुद्ध जाहीरनामा काढला. अशा वेळी छापणाऱ्याने 'म्हणे' गाळला नाही, तर तो गाळण्याचा अधिकार भाषांतर करणारीला नाही.

१४ जुलै

चौदा उतारे झाले आणि आज ते सगळे परत उघडावे लागले, कारण सर्वत्र मी 'बातमी' हा एकच शब्द वापरला होता. मूळात निदान सात-आठ शब्द आहेत आणि त्यांची कामे निरनिराळी आहेत.

'न्यूज' हा मुळात 'नवे' या विशेषणाचे अनेकवचन. शेक्सपिअरच्या नाटकांत तो एकवचनी आणि अनेकवचनी दोन्ही चालतो, आणि 'दीज न्यूज' असेही पात्रे म्हणतात. (चार दिशांच्या आद्याक्षरांपासून हा शब्द झाला, हे पुष्कळ शालेय टिपणांत आढळते ते निराधार आहे, माझ्या जुन्या वर्गटिपणांतही होते, तेथून काढले.) त्याला संदर्भानुसार 'नवे वर्तमान' किंवा 'बातम्या'. 'टायडिंग्ज' जुना आणि जरा भारदस्त शब्द, त्याला 'वार्ता'. 'रिलेशन' म्हणजे कोणीतरी आरंभापासून सांगितलेला वृत्तान्त. त्याला 'हकिकत' इतका चपखल शब्द दुसरा नाही, आणि शीर्षकांत वारंवार येणारे 'ट्रू रिलेशन' म्हणजे 'खरी हकिकत'. 'डायर्नल'ला प्रथम 'दैनिक' लिहिले होते, ते साफ चूक होते: ही पत्रे आठवड्यातून एकदा निघत, आतला मजकूर मात्र वारांनुसार मांडलेला असे. 'रोजनामा' म्हटल्यावर ते बरोबर बसले. 'ऑकरन्सेस'ला 'घडामोडी'.

'इंटेलिजन्स'वर फार अडले. त्यात छापील बातमीही येते आणि शत्रूच्या गोटातून काढलेली गुप्त माहितीही येते. मी प्रत्येक ठिकाणी कोणता अर्थ घ्यायचा ते ठरवू पाहत होते. अखेरीस लक्षात आले की, ठरवण्याची गरजच नाही. 'बातमी' काढणे, 'बातमी' राखणे ही हेरगिरीची भाषा आहे, आणि 'बातमीदार' हा शब्द जुन्या मराठीत हेरालाही लागत असे. 'इंटेलिजन्सर' म्हणजे 'बातमीदार': दोन्ही अर्थ शाबूत. जो शब्द मी सगळीकडे उधळला होता त्याची खरी जागा ही एकच होती.

'कोरँटो' हा या बातमीपत्रांसाठीचा त्या काळचा शब्द तसाच ठेवला. धावण्याच्या अर्थाच्या धातूपासून तो आला आहे हे सूचीत लिहिले. 'धावपत्र' असा नवा शब्द घडवण्याचा मोह झाला होता, पण वाचकाला तो दुसरीकडे कोठेही भेटणार नाही.

या फेरफाराला ११ तास लागले.

२१ जुलै

मोडी वाचणारे एक ज्येष्ठ स्नेही आहेत, त्यांच्यापुढे पहिला उतारा ठेवला. त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही अजून वर्तमानपत्र म्हणून वाचताय. हे पत्र आहे. आमच्याकडच्या कागदात मायना होतो, इकडील कुशल होते, मग 'विशेष' म्हणून मजकूर सुरू होतो. तुमच्या कागदात ते कुठे आहे ते बघा."

त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे निघाले. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर गाव आणि तारीख आहे, 'अमक्या गावाहून, अमकी तारीख'. त्याखालचा मजकूर म्हणजे कोणीतरी कोणाला लिहिलेल्या पत्राचा राहिलेला भाग आहे. म्हणूनच एका पानावर 'येथे' हा शब्द चार वेळा येतो आणि चारही वेळा वेगळ्या गावासाठी येतो. मी त्यांतले दोन 'येथे' लंडन समजून बसले होते; ते कलोन होते. हाताने लिहिलेली बातमीची पत्रे छापील पत्रांच्या बरोबरीने पुढेही पुष्कळ वर्षे चालूच राहिली, कारण छपाईवर जितका पहारा होता तितका हस्तलिखितावर नव्हता.

आपल्या भाषेने तर हे नावातच जपले आहे: वर्तमानाचे पत्र ते वर्तमानपत्र. 'बखर' हा शब्दही 'खबर'मधील अक्षरांची उलटापालट होऊन आला, असे सामान्यतः मानले जाते.

सगळ्या उताऱ्यांत 'येथे' शोधून प्रत्येकाशेजारी कंसात गाव घातले. एक दिवस.

३० जुलै

खरेपणाच्या पायऱ्यांची सूची आज बसली. 'विश्वसनीय सूत्रांनुसार' हा आजचा साचा मी सुरुवातीला तीन ठिकाणी वापरला होता. तो काढला, कारण सूत्र आपले नाव लपवते आणि ही पत्रे उलट गाव, तारीख आणि वाहक सांगतात. आता 'लिहून आले आहे की' हे पत्राच्या आधारासाठी, 'खात्रीलायक सांगतात की' हे 'क्रेडिब्ली रिपोर्टेड'साठी, 'ऐकिवात आहे' हे 'वी हिअर'साठी. त्याखाली मराठीची श्रीमंती एकदम जाणवते. कोणाला नुसती चाहूल लागली तर 'कुणकुण'. चारचौघांत चालू असलेले बोलणे म्हणजे 'बोलवा' किंवा 'वदंता'. अचानक उठते ती 'आवई' किंवा 'भुमका'. आणि मुद्दाम पिकवतात ती 'कंडी'. इंग्रजी मजकुरात 'रूमर', 'ब्रूट', 'रिपोर्ट' आणि 'लाय' हे शब्द येतात. ते नेमके कोठे बसतात ते वाक्य पाहून ठरवावे लागले, कोशावरून नाही.

'कंडी'चा उपयोग १६४३ नंतरच्या उताऱ्यांत वाढला. नोव्हेंबर १६४१ मध्ये पार्लमेंटच्या कामकाजाचे पहिले साप्ताहिक पत्र निघाले आणि देशातल्या बातम्या छापण्याची वाट मोकळी झाली. युद्ध पेटल्यावर जॉन बर्कनहेडचे 'ऑलिकस' राजाच्या बाजूने, तर मार्चमाँट नेडमच्या लेखणीचे 'मर्क्युरियस ब्रिटॅनिकस' पार्लमेंटच्या बाजूने लिहू लागले, आणि दोघेही एकमेकांच्या बातम्या उद्धृत करून खोडू लागले. येथे 'आहे म्हणे'ची जागा 'ते खोटे सांगतात' याने घेतली. पुढे हाच नेडम राजाच्या बाजूने 'मर्क्युरियस प्रॅग्मॅटिकस' लिहू लागला आणि १६५० पासून प्रजासत्ताकाच्या बाजूने 'मर्क्युरियस पॉलिटिकस'. त्यामुळे एकाच हाताची भाषा बाजू बदलताना कशी वळते ते पाहण्यासाठी त्याचे सहा उतारे घेतले.

पत्रांच्या नावांतील 'मर्क्युरी', म्हणजे रोमन देवांचा दूत, याच्यासाठी 'नारद' वापरून पाहिले. दूतही तोच आणि तिन्ही लोकी फिरणाराही तोच, म्हणून दोन दिवस मला ते फार आवडले. परंतु मराठीत नारद म्हटले की कळ लावणे आधी आठवते, आणि मग पत्राने स्वतःला घेतलेले गौरवाचे नाव माझ्या भाषांतरात दूषण ठरते. 'मर्क्युरी' परत घातले.

१८ ऑगस्ट

सहा विद्यार्थ्यांना दहा उतारे वाचायला दिले. चौघे नुरेंबर्गच्या वाक्यात अडखळले आणि एकीने स्पष्ट सांगितले, "मॅडम, 'की' फार आहेत, लढाई कुठे झाली तेच कळत नाही." वाक्य तोडण्याचा विचार रात्रभर केला. तोडले असते तर पुन्हा जुनीच चूक झाली असती. शेवटी वाक्य तसेच ठेवून उताऱ्याच्या वर एक ओळीचा मार्ग दिला: प्राग, बोहेमियाची सीमा, नुरेंबर्ग, ॲमस्टरडॅम, लंडन. पुढच्या आठवड्यात त्याच मुलीने तो उतारा न अडखळता वाचला, आणि 'म्हणे' वाचताना तिचा आवाज आपोआप बदलला.

सगळ्या चाळीस उताऱ्यांवर मार्गाची ओळ घालायची ठरवले. सोळा उताऱ्यांचा मार्ग मजकुरातूनच मिळतो. बाकीच्यांत मधले टप्पे गाळलेले आहेत, तेथे फक्त गाव आणि तारीख दिली, अंदाजाने टप्पे भरले नाहीत.

२ सप्टेंबर

छपाईचे कच्चे खर्डे आले. मुद्रणालयाने देवनागरीचा टंक बदलल्यामुळे 'ॲ' सर्वत्र चौकोन झाला होता. २११ जागा हाताने दुरुस्त केल्या. मजकूर युनिकोडमध्येच द्यावा आणि खर्ड्यांचे एक पान आधी मागवून पाहावे.

एकूण हिशेब: खर्च १३,४५० रुपये, त्यात ७,९०० रुपये छपाईचे, वेळ सुमारे २६० तास, त्यांतील शंभराहून अधिक तास वर लिहिलेल्या चुकांत गेले.

शेवटच्या वाचनात पहिल्या पत्रकाच्या उताऱ्यात एक गोष्ट सापडली. माझ्या नकळत, बहुधा टंकताना, 'लोक प्राग शहरात आहेत म्हणे' यातला 'म्हणे' गळून 'लोक प्राग शहरात आहेत' असे झाले होते. तो परत घातला, खर्ड्यावर लाल शाईने गोल केला, आणि मुद्रणालयात स्वतः नेऊन दिला.